कुंदाच्या उंचीचा त्रिशूळ

चौरागडाचा डोंगर आमच्या अल्लीपुरातून दिसत नाही. आमच्याकडं डोंगर असा नाहीच. काळी, सपाट जमीन, नजर जाईल तिथवर पऱ्हाटी नाही तर तूर. उंच म्हणावं असं काय, तर देवळाचा कळस आणि गावाबाहेरची मातीची जुनी गढी. तरी शिवरात्र आली की आमच्या भागातली माणसं खांद्यावर त्रिशूळ घेतात आणि मध्य प्रदेशात, पचमढीच्या पुढं, त्या डोंगराच्या माथ्यावर नेऊन महादेवाला देतात. कोणी नवस बोललेलं असतं, कोणाच्या घरचा रिवाज असतो. मी गेले ती एकोणऐंशी सालच्या शिवरात्रीला. जे गेले नाहीत ते अजून विचारतात, बाई, कसं काय ते सांगा. मी चढणीचं सांगते, माकडांचं सांगते, ते हसतात. बाकीचं राहून जातं. ते आज लिहिते. मी शाळेत गेलेली नाही. लिहायला माझ्या मुलीनं शिकवलं, ती दुसरीत असताना, तिच्याच पाटीवर. चुकलंमाकलं तर समजून घ्या.

अल्लीपूर

कुंदा आमची एकुलती एक. सहा वर्षांची असताना तिला मुदतीचा ताप आला. अठराव्या दिवशी ती डोळे उघडेना, तेव्हा तिचे बाबा अंगणात उभे राहून मोठ्यानं बोलले, "महादेवा, पोट्टी उठू दे, तिच्या उंचीचा त्रिशूळ घेऊन येतो." लोक हातभर बोलतात, दोन हात बोलतात. हे उंचीचं यांनाच सुचलं. पोरगी उठली.

पहिल्याच शिवरात्रीला जायचं. पण तापानं ती इतकुशी झाली होती. हे म्हणाले, "एवढासा त्रिशूळ? खेळण्यावानी दिसन. जरा वाढू दे तिले, मंग चांगला मोठा नेऊ." तिला ओसरीच्या खांबाशी उभं केलं, डोक्यावर विळा आडवा धरला आणि खांबावर खूण पाडली. पुढच्या वर्षी तेच, त्याच्या पुढच्या वर्षीही तेच. गावचे लोक त्रिशूळ घेऊन निघाले की आमच्या घरी खूण पडायची. दुष्काळ पडला ते वर्ष गेलं, सासूबाई गेल्या ते वर्ष गेलं. खूण वर वर सरकत होती आणि हे खूश. "पाह्य बाप्पा, देवाचा फायदाच होऊन राह्यला." कुंदा पंधराची झाली तेव्हा चिडवायची, "बाबा, मी आता वाढत नाई. आता तं चला."

मग लग्न झालं. कारंज्याकडं दिली. जावयाला घेऊनच जाऊ असं ठरलं. तिला पहिल्या बाळंतपणाला घरी आणायचं होतं, मी डिंकाचे लाडू करून डबा भरला होता. आम्ही तिला आणायला निघायच्या आठ दिवस आधी निरोप आला. सातव्या महिन्यातच गेली. अठरा वर्षांची होती. बाळही नाही राहिलं.

मी रडले, आजारी पडले, उठले. यांचं तसं झालं नाही. हे रडलेच नाहीत. पहाटे उठून खांबाला टेकून बसायचे आणि एकच बोलायचे, "म्या देल्लं नाई, म्हून त्यानं नेलं." मी म्हणायची, "असं नसते काही. किती बाया बाळंतपणात जाते." तर म्हणायचे, "त्याईच्या बापानं नवस ठेवला होता का बाकी?" भाकरी अर्धी राहायची, दमा दुप्पट झाला. दीड वर्ष मी ते ऐकलं. मी स्वतः देवघरात फूल ठेवायचं बंद केलं होतं. मला त्या महादेवाशी काही बोलायचं नव्हतं.

कापूस वेचून झाला होता, तेव्हा एक दिवस हे म्हणाले, "औंदा त्रिशूळ द्याचा."

"कोण नेईन? तुमाले ओसरीवरून मोरीपर्यंत जाता येत नाई."

"तू नेजो."

मी उठून आत गेले. भांडी घासली, पुन्हा घासली. तेवढ्यात हे दम लागत लागत स्वयंपाकघराच्या दारात आले आणि म्हणाले, "देवासाठी नको जाऊ. माह्यासाठी जा. तिथं जो पुजारी असन त्याले विचारून ये. माह्या उशिरानं पोट्टी गेली का? तो हो म्हणन तं हो. नाई म्हणन तं नाई. मले एकदा कळू दे."

म्हणून मी गेले. भक्तीबिक्ती काही नाही. एक सवाल घेऊन गेले, आणि जबाब आणायचा होता.

तयारी

आमच्या गावचे बापूराव भगत दरवर्षी जत्था नेत. अकरा वेळा डोंगर चढलेले, दाढीतून फक्त नाक दिसायचं. त्यांना विचारलं, नवस नवऱ्याचा, बायकोनं नेला तर चालते का? म्हणाले, "चालते ना माय. पण नेम पाळा लागते. घडल्यापासून चढेपर्यंत त्रिशूळ आडवा करायचा नाई. घरात उभा, गाडीत उभा, डोंगरावर उभा. खांद्यावर घेतला तरी टोक आभायाकडं. अन् पायात वाहाण नाई."

मग नथ्थू लोहाराला बोलावलं, मापासाठी. तो सुतळी घेऊन आला आणि खांबासमोर उभा राहिला. खांबावर अकरा खुणा. म्हणाला, "कोणती घेऊ?"

मी खालची दाखवली. "नवस बोलले तवा एवढी होती. देवाचं येणं एवढंच."

हे म्हणाले, "वरची."

"मले न्यायचा हाय तो. तुमाले नाई."

"एवढा उशीर केला, तं वरचंच माप द्या लागते."

"अवो, काही तोल आहे का बोलण्याले! त्या दगडावर कसा चढवू?"

नथ्थू बिचारा सुतळीचं एक टोक जमिनीला धरून उकिडवा बसलेला, एकदा यांच्याकडं बघे, एकदा माझ्याकडं. शेवटी म्हणाला, "वयनी, मी पोकळ नळीचा करू का? हलका होईन."

हे इतके चिडले की खोकल्याची उबळ आली. "माही पोरगी पोकळ होती का?"

नथ्थूनं वरच्या खुणेपर्यंत सुतळी ताणली आणि गाठ मारली. मी पाहत होते. ती गाठ माझ्या डोक्याच्या वर गेली. कुंदा माझ्याहून चार बोटं उंच होती, हे मी विसरूनच गेले होते.

त्रिशूळ सात किलो भरला. भरीव सळई, तीन पाती, मधल्या पात्याखाली डमरू. घरी आणला त्या दिवसापासून खांबाशीच उभा केला. मी झाडू मारताना त्याला वळसा घालून जायची, जसं कोणी माणूस उभं असावं.

आता सराव. सपाटीवरच्या बाईनं डोंगर चढायचा तर कुठं शिकणार? बापूराव म्हणाले, गढी चढा. आमची गढी म्हणजे दोन घरांएवढा मातीचा ढिगारा, वर निवडुंग आणि खाली गावभराची गुरं. मी रोज सकाळी अनवाणी, खांद्यावर मुसळ घेऊन ती चढायची आणि उतरायची. मुसळ कमी पडतं म्हणून त्याला पाटा-वरवंट्यातला वरवंटा बांधला. पाण्याला जाणाऱ्या बायका थांबायच्या. पंचफुला माझ्या शेजारची, विधवा, तोंडाची तिखट आणि मनानं लोणी. ती ओरडायची, "काऊन वं बाई, गढीवर जाऊन धान कांडतेस का?"

हे खाली दगडावर बसून फेऱ्या मोजायचे, प्रत्येक फेरीला एक चिंचोका बाजूला. मी वरून विचारायची, "किती झाल्या?" "अकरा." माझ्या हिशोबानं आठच झालेल्या असायच्या. पहिल्या दिवशी वाटलं चुकले. चौथ्या दिवशी कळलं की मला धाप लागलेली दिसली की हे दोन-दोन चिंचोके सरकवतात. मी काही बोलले नाही. दुसऱ्या दिवशी तीन फेऱ्या मीच वाढवल्या, आणि तेही काही बोलले नाहीत. त्या महिनाभरात आम्ही दोघं जेवढे सोबत बसलो तेवढे दीड वर्षात बसलो नव्हतो.

शिदोरी चार दिवसांची: ज्वारीच्या दुधातल्या दशम्या, शेंगदाण्याची चटणी, मिरचीचा ठेचा, फुटाणे, गूळ, आणि रोडग्यांसाठी कणीक. एक घोंगडी, एक लुगडं, वातीचा कापूस. निघायच्या दिवशी त्रिशुळाला तेल, शेंदूर लावला. तीन पात्यांना तीन लिंबं टोचली, कोणाला लागू नये म्हणून. गावच्या बायांनी ओवाळलं. हे दारातच उभे. पाया पडले तर म्हणाले, "विचारशील ना? नीट विचारजो. त्याचे शब्द ध्यानात ठेवजो."

नागपूर ते पचमढी

आमच्या जत्थ्यात चौदा माणसं आणि नऊ त्रिशूळ. पंचफुलाही निघाली, "तुले एकटीले कोण सोडते" म्हणून. नागपूरला पुढची गाडी धरताना कंडक्टर दारात आडवा झाला.

"माई, ये सब ऊपर डालो, छत पे."

"आडवा नाई करायचा," मी म्हटलं.

"क्या?"

"ये सोता नहीं. खडाच जाता."

"अरे, लोहा है माई, लोहा कहाँ सोता-उठता है?"

मागून पंचफुला पुढं झाली. "तुह्या घरी देव हाय का नाई? का त्यालेबी टपावर ठेवतं?" कंडक्टरला मराठी कळलं की नाही माहीत नाही, पण गाडी हसली आणि तोही हसला. बाकीच्यांचे लहान होते, ते मांडीत मावले. माझा मात्र दोन पायांत धरून, छपराला लिंबू टेकवून, छिंदवाड्याच्याही पुढं उभाच नेला. घाटात गाडी वळली की तो माझ्या खांद्यावर कलायचा. समोरच्या बाकावर एक तिकडचीच म्हातारी होती. तिनं विचारलं, "किसके नाम का है?" मी म्हटलं, "लडकी का." "अच्छी है न अब?" मी म्हटलं, "हाँ."

का म्हटलं कोण जाणे. म्हातारीनं खूश होऊन मला दोन बोरं दिली.

पचमढीला उतरलो तर थंडी अशी की आमच्याकडं पौषातही पडत नाही. आणि झाडंच झाडं, साल, जांभूळ, आवळा. आमच्या डोळ्यांना सवय लांब बघायची. तिथं पन्नास पावलांवर नजर अडते. मला पहिला दिवस घुसमटल्यासारखं झालं. मैदानावर मुक्काम. आमच्या लोकांनी गोवऱ्या पेटवून रोडगे भाजले, वांग्याची भाजी केली. शेजारी छिंदवाड्याकडची मंडळी होती, तेही तसेच गोळे भाजत होते, पण छोटे, आणि त्याला गाकर म्हणतात. ते भाजलेल्या टमाट्याच्या चटणीत कुस्करून खातात. आम्ही रोडगे तुपात बुडवतो. त्यांच्या बाईनं आमचा रोडगा चाखून म्हटलं, "बहुत बडा है." पंचफुला म्हणाली, "आमच्याकडं पोटंच मोठे हाय." दोघी हसल्या. एकमेकींना कळलं काय ते त्यांनाच माहीत.

सकाळी माकडांनी पंचफुलाला धडा शिकवला. काळ्या तोंडाचं एक मोठं वानर आलं, शांतपणे तिच्या दशम्यांचं गाठोडं उचललं आणि झाडावर बसून एक-एक दशमी उलटसुलट बघून खाऊ लागलं. पंचफुला खालून शिव्या देते, ते वरून चटणी चाटतं. चटणी झोंबली तेव्हा त्यानं असं तोंड केलं की मी हसले. खळखळून हसले. आणि हसता हसता मला आठवलं की कुंदा गेल्यापासून मी पहिल्यांदा हसते आहे, आणि तिथंच हसू थांबलं. पंचफुलानं माझ्याकडं पाहिलं. म्हणाली, "हास वं. तुह्या दशम्यात माहा वाटा काढजो, झालं."

चढ

मोठ्या महादेवाच्या गुहेपासून चढ सुरू होतो. कुठं पायऱ्या, कुठं नुसतेच दगड. माणसांची एक रांग वर जाते, एक खाली येते, आणि सारा डोंगर "हर हर महादेव" करत राहतो. गढीचा सराव कुठल्या कुठं गेला. गढी संपते. हा संपत नाही. एक वळण घेतलं की पुढं दुसरं. दगड थंडगार, तळव्यांना बधिर करणारे. उजवा खांदा सोलला तेव्हा डाव्यावर घेतला, डावा सोलला तेव्हा दोन्ही हातांनी छातीशी धरला. लेकराला धरतात तसा. मी ठरवून नाही धरला. वजन तसंच नीट पेलत होतं.

बापूराव दोनदा म्हणाले, "आण माय, मी धरतो थोडासा." मी दिला नाही. नवसाचा म्हणून देत नाही, असं त्यांना वाटलं असेल. खरं सांगायचं तर मला त्या वेळी तो कोणाच्या हातात द्यायचाच नव्हता.

अर्ध्यावर एक माणूस भेटला, बैतुलकडचा. त्याच्या खांद्यावर चार वर्षांचा मुलगा आणि मुलाच्या हातात वीतभर त्रिशूळ. पोरगा मोठ्यानं ओरडत होता, बाप धापा टाकत हसत होता. नवस बोलला, फिटला, पोरगं खांद्यावर. इतकं साधं असतं ते. यांना तेव्हा, त्या पहिल्या वर्षी, एवढंच करायचं होतं. मी एका दगडाला टेकून ते दोघं दिसेनासे होईपर्यंत उभी राहिले. मला यांचा राग आला. खूप आला. दीड वर्ष मी "असं नसते काही" म्हणत होते, पण आत माझ्याही मनात तेच होतं, यांच्यासारखंच. हे मी कोणालाच कधी सांगितलं नाही.

पंचफुला मागं येऊन उभी राहिली. माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, "चाल. वारा सुटला तं पाय गारठन."

माथा

वर वारा असा की पदर जागेवर राहीना. चारी बाजूंना डोंगरांच्या निळ्या रांगा, एकामागं एक, आणि देवळाभोवती त्रिशूळच त्रिशूळ. हजारो. एकमेकांना टेकलेले, वाकलेले, गंजून लाल झालेले, काही नवे चकचकीत. पुरुषभर उंच, वीतभर लहान. मला वाटलं होतं कोणी आपल्या हातून घेईल, नाव विचारेल, काही म्हणेल. तसं काही नाही. आपणच जागा शोधायची आणि टेकवायचा.

मी एका भिंतीशी जागा पाहिली. त्रिशूळ उभा केला. लिंबं काढली. मधलं पातं माझ्या डोक्याच्या चार बोटं वर. हात सोडवेना. बोटं थंडीनं आखडली होती, तेही खरं आहे. पंचफुलानं एक-एक बोट उघडून सोडवलं.

मग पुजाऱ्यापुढच्या रांगेत लागले. गर्दी पाठीमागून ढकलत होती. पुजारी चाळिशीचा असेल, घसा बसलेला, डोळे धुरानं लाल. मी सारी वाट हिंदी जुळवत आले होते. म्हटलं, "महाराज, एक पूछना है. नवस को देर हुई, तो भगवान बच्चा लेता क्या?"

"क्या?"

"लडकी थी मेरी. देर किया हमने..."

"नारियल इधर. त्रिशूल उधर. चलो माई, आगे चलो."

कपाळाला भस्माचं बोट लागलं आणि मी बाहेर.

एवढं चालत आले. मी जाईना. कठड्याशी बसले. बापूराव म्हणाले, उतरायला हवं. मी म्हटलं, तुम्ही व्हा पुढं. पंचफुला बसून राहिली. ऊन कललं, गर्दी जरा ओसरली, तेव्हा पुन्हा आत गेले. पुजाऱ्यानं ओळखलं. "तुम तो आई थी न अभी?" मी तेच पुन्हा विचारलं, हळू, एक-एक शब्द. या वेळी त्यानं ऐकलं. माझ्याकडं पाहिलं. म्हणाला, "कितने साल की थी?"

"अठरा."

मी त्याच्या तोंडाकडं पाहत राहिले. त्याचे ओठ हलले, पण तेवढ्यात कोणी नारळ पुढं केला, त्यानं तो फोडला, आणि अर्धी वाटी माझ्या ओटीत टाकली. "घर ले जाओ, माई."

बस. हाच जबाब. खूप वर्षं मला त्या माणसाचा राग होता. आता वाटतं, त्या बिचाऱ्याला तरी काय माहीत असणार.

उतरताना पायांपेक्षा मन जड होतं. घरी दारात एक माणूस उभा असणार, आणि त्याला शब्द हवे होते. दोनदा पायरीवर बसले. पंचफुला म्हणाली, "पाय दुखते का?" मी म्हटलं, "थांब, काही आठवून राह्यली." आठवत नव्हते. जुळवत होते.

पुन्हा अल्लीपूर

हे मोटार थांबते तिथं येऊन बसले होते. दम लागलेला. पाणीसुद्धा विचारलं नाही. "भेटला?"

"भेटला."

"काय म्हणे?"

"म्हणे, देव कोणाचं लेकरू नेत नाई. उशीर माणसाले होते, देव तो मोजत नाई."

हे माझ्या तोंडाकडं पाहत राहिले. मग म्हणाले, "तो मराठी बोलते?"

मला हे सुचलंच नव्हतं. म्हटलं, "नाई, हिंदीत म्हणे."

"मंग हिंदीत सांग. त्याचे शब्द सांग."

मी तिथं मोटारीच्या धुळीत उभी राहून म्हटलं, "भगवान किसी का बच्चा नहीं लेता, माई. देर तो आदमी से होती है, वो गिनता नहीं."

यांनी ते पुटपुटून पाहिलं. पुन्हा एकदा म्हणवून घेतलं. मग खाली बसले, डोक्यावरची टोपी काढली, आणि रडले. कुंदा गेल्यावर पहिल्यांदा. लोक पाहत होते, मोटार निघून गेली, हे रडतच होते. मी शेजारी बसले.

त्या संध्याकाळी यांनी दोन भाकरी खाल्ल्या. दमा होता तो राहिला, पण पहाटेचं बोलणं थांबलं. पुढं आठ वर्षं जगले.

चौऱ्याऐंशी साली आमच्या गल्लीत एक घात झाला. माणसांची नावं बदलून लिहिते. कमल म्हणू, तिच्या नवऱ्याला शेषराव म्हणू. कमलला विचारूनच लिहिते. त्यांचं पाच वर्षांचं पोरगं शेतातल्या विहिरीत पडून गेलं. कमल तेव्हा चार ओळी पलीकडं कापूस वेचत होती. शेषराव दोष राहिलेल्या नवसाला देई, कारण पोराच्या नावानं त्रिशूळ बोलला होता आणि दिला नव्हता. आणि कमलला देई, ते तर तिच्याशी बोलणंच टाकून. सहा महिने एका घरात राहून एक शब्द नाही.

आमचे हे त्याच्याकडं जाऊन बसायचे. एकदा मी ताक घेऊन गेले तर दारातच ऐकू आलं. हे शेषरावला सांगत होते, "अरे, चौरागडचा पुजारी सोता म्हणे आमच्या हिले. भगवान किसी का बच्चा नहीं लेता..." माझे शब्द, माझ्या हिंदीतले. चुलीपाशी कमल बसली होती. ती माझ्याकडं पाहत होती.

दुसऱ्या दिवशी आली. "बाई, खरंच म्हणे का तो?"

"हो," मी म्हटलं.

"तुमाले सोताले म्हणे?"

"माह्या कानानं ऐकलं."

"मंग मी जातो औंदा. त्रिशूळबी देतो, अन् सोता विचारतो."

मी तिला थांबवायला हवं होतं. काय सांगून थांबवणार? गेली ती, बापूरावांच्या जत्थ्यात. ते चार दिवस माझ्या डोक्यात एकच. ती येऊन सांगेल, मला तर नारळ दिला नुसता. मग यांच्या भाकरीचं काय होईल?

ती परतली त्या दिवशी शेषरावच्या ओट्यावर गल्ली जमली. हेही काठी टेकत गेले. मी मागं उभी. कमलचे तळवे सोललेले, ओठ फाटलेले. शेषराव तिच्याशी बोलत नव्हताच. यांनीच विचारलं, "भेटला का पोरी, पुजारी?"

"भेटला, काकाजी."

"काय म्हणे?"

कमलनं एकदा वर पाहिलं, माझ्याकडं. मग शेषरावकडं पाहून बोलली, थांबत थांबत, "जे काकूले म्हणे तेच. भगवान किसी का बच्चा नहीं लेता. देर आदमी से होती है, वो गिनता नहीं." आणि श्वास घेऊन म्हणाली, "और माँ की भी गलती नहीं. माँ को कुछ मत बोलना."

शेषराव जमिनीकडं बघत होता. मग तो उठला, आत गेला आणि पाण्याचा गडवा आणून तिच्या पुढं ठेवला. "पाय धू," एवढंच म्हणाला.

हे माझ्याकडं वळले. कपाळाला आठी. "काऊन वं, हे मागचं तं तुले नव्हतं म्हटलं त्यानं?"

कमल माझ्याकडं पाहत होती. गडव्यात हात बुडवून तशीच थांबली होती.

"म्हटलं होतं," मी म्हटलं. "मीच सांगायची राहिली."